रिकामे ठेवलेले पान : फोर्टमधल्या दुकानातला एस्टोनियाचा तिकीट-संच

मुंबईच्या जीपीओपासून चालत पाच मिनिटांच्या अंतरावर, फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर टपाल तिकिटांचे आणि जुन्या नोटांचे एक लहानसे दुकान आहे. दुकानाचे नाव कोठे छापून येऊ नये अशी मालकांची इच्छा असल्यामुळे ते मी लिहीत नाही. गेली वीस वर्षे मी त्यांना काका म्हणत आले आहे, आणि इथेही तसेच म्हणणार आहे. सुटी तिकिटे विकणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय असला, तरी वर्षाकाठी एखादा देश निवडून त्या देशाचा इतिहास तिकिटांतून उलगडणारा एक संच ते स्वतः जुळवतात आणि त्याच्या मोजक्याच प्रती विकतात. या वर्षी त्यांनी एस्टोनिया निवडला. त्या संचाची किंमत ४,८०० रुपये असून त्यात ५४ तिकिटे, एक नोट, कापडी बांधणीचा एक अल्बम आणि काकांनी स्वतः लिहिलेली ३२ पानांची मराठी पुस्तिका एवढ्या वस्तू मिळतात. मी तो विकत घेतला, दोन महिने सावकाश पाहिला, पुस्तिका दोनदा वाचली, आणि आता त्याविषयी लिहिते आहे.

मी अठ्ठावीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपचा नकाशा भिंतीवर टांगताना बाल्टिक समुद्राच्या काठचे तीन देश मोठ्या सोव्हिएत रंगात मिसळून गेलेले असत, आणि तेथे आधी काय होते असे एकाही मुलाने मला कधी विचारले नाही. मीही ते आपणहून सांगितले नाही. म्हणून हा संच माझ्यासाठी केवळ हौसेची खरेदी नव्हती.

पहिल्या पानावर दोनच तिकिटे आहेत. एक फिकट तांबडे ५ कोपेकचे आणि दुसरे निळे १५ कोपेकचे. दोन्हींवर फुलापानांची साधी नक्षी आणि ‘एस्ती पोस्ट’ ही अक्षरे आहेत. कडा दातेरी नाहीत, कात्रीने कापलेल्या सरळ आहेत. संग्राहकांच्या दृष्टीने ही तिकिटे फार महाग नाहीत. पण ती नोव्हेंबर १९१८ च्या उत्तरार्धात निघाली, हे कळल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केले ते त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत. झारची सत्ता कोसळली होती, बोल्शेविकांचे सैन्य माघार घेत होते, जर्मन सैन्य पुढे सरकत होते, आणि या दोहोंच्या मध्ये उरलेल्या अवघ्या एक-दोन दिवसांच्या फटीत कॉन्स्टान्टिन पॅट्स, युरी विल्म्स आणि कॉन्स्टान्टिन कोनिक या तिघांच्या समितीने ते काम उरकले. जाहीरनामा २३ फेब्रुवारीला पार्नू शहरात एका नाट्यगृहाच्या सज्जातून वाचला गेला, २४ ला राजधानी टॅलिनमध्ये प्रसिद्ध झाला आणि २५ ला जर्मन सैन्य टॅलिनमध्ये शिरले. विल्म्स यांना त्याच वर्षी प्राण गमवावे लागले. नोव्हेंबरात जर्मनीचा पराभव झाल्यावर हंगामी सरकारने पुन्हा कारभार हाती घेतला आणि ज्या थोड्या गोष्टी पहिल्या झपाट्यात केल्या, त्यांत ही तिकिटे होती. दर अजून रशियन कोपेकमध्येच होता, कारण स्वतःचे नाणे अद्याप नव्हते. २८ नोव्हेंबरला लाल सैन्याने नार्वावर हल्ला केला. म्हणजे, देशाचे टपाल सुरू झाले आणि आठवडाभरात देश टिकवण्यासाठीचे युद्ध सुरू झाले.

आपल्याकडच्या वाचकाला येथे ‘जय हिंद’ अक्षरांचे आणि तिरंग्याचे २१ नोव्हेंबर १९४७ चे तिकीट आठवल्यावाचून राहणार नाही. काकांनाही ते आठवले आणि त्यांनी पुस्तिकेत त्याची तुलना केली आहे. त्यांनी आणखी एक तुलना केली आहे, ती मला अधिक मार्मिक वाटली. आझाद हिंदची तिकिटे जर्मनीत छापली गेली, परंतु टपालात कधी वापरली गेली नाहीत. एस्टोनियाची पहिली तिकिटे मात्र घाईत, साध्या कागदावर छापली जाऊनही खऱ्या पाकिटांवर चिकटली, त्यांवर शिक्के बसले आणि ती घरोघर पोहोचली. स्वातंत्र्याचा दावा आणि स्वातंत्र्याचा कारभार यांतला फरक मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला वर्गात कधी सापडले नव्हते.

स्वातंत्र्ययुद्धाचा भाग पुस्तिकेत सर्वांत उत्तम उतरला आहे. जानेवारी १९१९ च्या सुरुवातीला लाल सैन्य टॅलिनपासून सुमारे ३५ किलोमीटरवर येऊन ठेपले होते. शाळकरी मुलांनी बंदुका घेतल्या, रेल्वेच्या डब्यांना पत्रे ठोकून चिलखती गाड्या तयार झाल्या, फिनलंडहून साडेतीन हजारांच्या आसपास स्वयंसेवक आले, ब्रिटिश आरमाराने समुद्राकडची बाजू सांभाळली आणि योहान लायडोनेर या सरसेनापतीने महिन्याभरात बाजी उलटवली. फेब्रुवारी संपेपर्यंत लाल सैन्य देशाबाहेर ढकलले गेले. त्यानंतर जूनमध्ये दक्षिणेकडे, लॅटव्हियाच्या भूमीवर, एस्टोनियन सैन्याची गाठ बाल्टिक जर्मन जमीनदारांच्या लष्कराशी पडली, आणि २३ जून १९१९ चा तो विजय आजही तेथे विजयदिन म्हणून साजरा होतो. हा तपशील काकांनी वगळला नाही याचे मला विशेष कौतुक वाटते, कारण त्यावाचून एस्टोनियन माणसाच्या मनातली ‘परकीय’ या शब्दाची व्याप्ती कळत नाही. त्यांच्यावर सातशे वर्षे राज्य केले ते डेन, जर्मन सरदार, स्वीडिश आणि रशियन अशा एकामागून एक आलेल्या सत्तांनी. शेतावर राबणारा माणूस एस्टोनियन आणि वाड्यात राहणारा जर्मन, ही रचना झारच्या काळातही मोडली नव्हती. लिवोनिया प्रांतातली (यात आजच्या एस्टोनियाचा दक्षिण भाग येत असे) भूदासता १८१९ मध्ये संपली, आणि तिच्या पन्नाशीनिमित्त १८६९ मध्ये टार्टू शहरात पहिला गीतमहोत्सव भरला. पुढे याच महोत्सवांनी काय केले, ते संचाच्या शेवटच्या पानांवर येते.

युद्धाच्या पानावर १९२० मधली, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी अधिभार लावून काढलेली दोन तिकिटे आहेत. त्यांतले एक माझ्या संचात खराब निघाले. जुना हिंज, म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायची डिंकाची कागदी पट्टी, ओढून काढताना मागचा कागद सोलला गेला होता आणि उजेडासमोर धरल्यावर तो पातळ भाग स्पष्ट दिसत होता. मी परत गेले तेव्हा काकांनी भिंग लावून ते पाहिले, क्षणभर काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “बाई, हे माझ्या नजरेतून सुटायला नको होतं. तुम्ही चहा घ्या, मी दुसरं काढतो.” दुसरे तिकीट पहिल्याहून सरस होते आणि त्याचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत. एवढ्या किमतीचा संच घेणाऱ्याने मात्र घरी नेण्यापूर्वी प्रत्येक तिकीट उलटून पाहावे, हे मी आवर्जून सांगेन.

२ फेब्रुवारी १९२० रोजी टार्टू येथे तह झाला. एस्टोनियाच्या बाजूने यान पोस्का यांनी आणि सोव्हिएत रशियाच्या बाजूने अडॉल्फ योफे यांनी त्यावर सही केली. एस्टोनियाच्या भूमीवरील आपले सर्व हक्क रशिया स्वखुशीने आणि कायमचे सोडत आहे, असे त्यात लिहिले होते. तहाच्या मजकुरातला तो भाग काकांनी मराठीत करून एका वेगळ्या पानावर छापला आहे आणि ते पान अल्बममध्ये तिकिटांच्या समोर येईल अशी रचना केली आहे. पुढची पाने उलटताना ते ‘कायमचे’ डोळ्यांसमोरून हलत नाही.

दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांची पाने देखणी आहेत. लोहार आणि विणकरीण, टॅलिनचे मनोरे, तीन सिंहांची राजमुद्रा असे विषय या तिकिटांवर येतात. १९२८ मध्ये स्वातंत्र्याच्या दहाव्या वर्धापनदिनी जुन्याच तिकिटांवर तारखांचा ओव्हरप्रिंट, म्हणजे वरून दुसरी छपाई, केला होता, त्याचाही एक नमुना येथे आहे. मजूर आणि कारागीर यांना राष्ट्राचा चेहरा म्हणून तिकिटावर बसवणारा हा शेतकऱ्यांचा देश होता, आणि या पानांवर फार काही लिहायला नको इतकी ती स्वतःच बोलतात.

पण इथेच पुस्तिकेची पहिली मोठी उणीव आहे. १९३६ पासून पॅट्स यांच्या चित्राची तिकिटे येऊ लागतात, आणि काका त्यांच्याविषयी केवळ ‘लोकप्रिय राष्ट्रप्रमुख’ एवढेच लिहितात. १२ मार्च १९३४ रोजी पॅट्स यांनी लायडोनेर यांच्या साहाय्याने सत्ता एकवटली, आणीबाणी लावली, पुढे राजकीय पक्ष बंद केले आणि वृत्तपत्रांवर नियंत्रण आणले. तेथील इतिहासात या वर्षांना ‘मौनाचा काळ’ असे म्हणतात. हेच दोघे १९१८ चे शिल्पकार होते आणि हेच दोघे पुढे सोव्हिएत कैदेत मेले. ज्या माणसाने देश उभा केला त्यानेच त्याची संसद बंद पाडली, आणि नंतर देशासाठी तोच तुरुंगात खितपत पडला, हे तिन्ही एकत्र सांगता येते. वाचक ते पेलू शकतो. १९४० मध्ये निर्णय घेण्याची वेळ आली तेव्हा खुला विरोधी पक्ष नव्हता, मोकळी वृत्तपत्रे नव्हती, आणि त्यामुळे थोड्या माणसांनी बंद दाराआड ठरवले ते साऱ्या देशाला भोगावे लागले. हे सांगितल्यावाचून पुढची शरणागती नीट समजत नाही.

२३ ऑगस्ट १९३९ रोजी मॉस्कोत हिटलर आणि स्टालिन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार केला आणि त्याच्या गुप्त मसुद्यात एस्टोनिया सोव्हिएत वाट्याला घातला गेला. सप्टेंबरअखेरीस २५,००० सोव्हिएत सैनिकांसाठी तळ मागण्यात आले. एस्टोनियाने ते दिले. १६ जून १९४० ला निर्वाणीचा खलिता आला आणि १७ जूनला सैन्य सर्वत्र शिरले. टॅलिनमध्ये राउआ रस्त्यावर संदेशवहन दलाच्या एका तुकडीने २१ जूनला शस्त्रे ठेवण्यास नकार देऊन गोळीबाराला उत्तर दिले. संघटित प्रतिकाराचा तेवढाच प्रसंग घडला. जुलैत एकाच यादीतल्या उमेदवारांची निवडणूक झाली आणि ६ ऑगस्टला देश सोव्हिएत संघात सामील करून घेण्यात आला. या सगळ्याच्या मध्ये, त्या उन्हाळ्यात, जगातल्या पहिल्या टपाल तिकिटाच्या शताब्दीनिमित्त आधी ठरल्याप्रमाणे चार तिकिटे निघाली. त्यांवर पत्र नेणारे कबूतर आणि विमान आहे. स्वतंत्र एस्टोनियाच्या त्या पर्वातली ही अखेरची तिकिटे. सैन्य रस्त्यावर उभे असताना टपाल खात्यातल्या कोणी तरी ठरलेले काम ठरल्या वेळी पार पाडले. संचात हे चारही दर आहेत, चारही मिंट, म्हणजे न वापरलेली, आहेत, आणि माझ्या मते संपूर्ण संचाची किंमत या एका पानाने वसूल होते.

त्यापुढचे पान काळ्या कागदाचे आहे. त्यावर हिटलरच्या चित्राची जर्मन तिकिटे असून त्यांवर ‘ओस्टलँड’ असा ओव्हरप्रिंट आहे. १९४१ ते १९४४ या काळात एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया आणि बेलारूसचा काही भाग मिळून जर्मनांनी केलेल्या प्रशासकीय प्रदेशाचे ते नाव होते. काकांनी या तिकिटांना आणि त्यानंतरच्या सोव्हिएत तिकिटांना ‘एस्टोनिया’ या शीर्षकाखाली बसवलेले नाही. दोन्ही पानांच्या डोक्यावर ‘ताबा’ एवढाच शब्द आहे. हा निर्णय मला अगदी योग्य वाटतो.

मात्र जर्मन ताब्याविषयी पुस्तिका जे म्हणते ते अपुरे आहे आणि म्हणून चुकीचे आहे. जून १९४१ मध्ये, जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला करण्याच्या आठवडाभर आधी, सोव्हिएत सत्तेने काही दिवसांत सुमारे १०,००० माणसे गुरांच्या डब्यांतून उचलून नेली होती, त्यामुळे अनेक एस्टोनियनांना जर्मन सैन्य मुक्तिदाते वाटले, असे काका लिहितात. ते खरे आहे. पण त्याच जर्मन सत्तेने देशात उरलेल्या सुमारे हजार ज्यूंना काही महिन्यांत ठार केले आणि त्या कामात स्थानिक माणसांचाही हात होता. बाहेरून आणलेल्या हजारो ज्यूंसाठी छावण्या उभ्या राहिल्या, आणि सप्टेंबर १९४४ मध्ये क्लोगा येथील छावणीत माघारी जाण्यापूर्वी जर्मनांनी सुमारे २,००० कैदी मारले. स्वातंत्र्याची कथा सांगताना हे गाळले की त्या कथेचे बळ कमी होते. मी हे काकांना सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण वाद घातला नाही असेही नाही. “बाई, पान अपुरं पडतं,” ते म्हणाले. मी म्हटले, “काका, पॅट्सच्या कौतुकाच्या चार ओळी काढा, म्हणजे पुरेल.” त्यांनी ते वहीत टिपून घेतले.

१९४४ च्या सप्टेंबरातली एक गोष्ट मला येथे नव्याने कळली. जर्मन निघत होते आणि लाल सैन्य अजून आले नव्हते. १९१८ सारखीच फट पुन्हा एकदा उघडली. ऑटो टीफ यांच्या सरकारने कारभार हाती घेतल्याचे जाहीर केले, राजपत्राचा अंक काढला आणि टॅलिनच्या पिक हरमान मनोऱ्यावर निळा-काळा-पांढरा झेंडा चढवला. २२ सप्टेंबरला लाल सैन्य शहरात आले. त्या सरकारचे बहुतेक सदस्य पकडले गेले. तिकिटे छापायला त्यांना वेळ मिळालाच नाही.

आणि मग ते पान येते, ज्यासाठी मी हे लिहायला घेतले. जाड, पांढऱ्या कागदाचे, संपूर्ण कोरे पान. वर फक्त ‘१९४० ते १९९१’ एवढेच लिहिलेले आहे. पहिल्यांदा मला वाटले की तिकिटे लावायची राहून गेली आहेत. काका म्हणाले, “ते मुद्दाम रिकामं ठेवलंय. त्या देशाची तिकिटं नव्हती, पण देश होता.” सोव्हिएत तिकिटांचे पान त्याच्या डावीकडे आहे. त्यावर एस्टोनियाच्या सोव्हिएत प्रजासत्ताकाला दहा वर्षे झाल्याबद्दल मॉस्कोने १९५० मध्ये काढलेली तिकिटे आहेत. अल्बम उघडला की डावीकडे दहा वर्षांचा उत्सव दिसतो आणि उजवीकडे कोरा कागद.

ते उत्सवाचे वर्ष कोणत्या वर्षानंतर आले होते, हे पुस्तिका त्या जागी सांगते. २५ मार्च १९४९ आणि त्यापुढच्या चार दिवसांत एस्टोनियातून २०,००० हून अधिक माणसे सायबेरियात हद्दपार करण्यात आली. त्यांतल्या बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. त्यानंतर काही आठवड्यांतच, शेते सामुदायिक करण्यास जे शेतकरी वर्षानुवर्षे तयार नव्हते, ते भीतीने सामील झाले. काकांनी येथे अंदमानची तुलना केली आहे, ती मला पटली नाही. काळ्या पाण्याची शिक्षा माणसाला नावानिशी, त्याच्या कृत्याबद्दल झाली. इथे पाळण्यातले मूल आणि ऐंशी वर्षांची आजी यांचीही नावे यादीत होती, कारण ते एखाद्या सधन शेतकऱ्याच्या किंवा जंगलात गेलेल्या माणसाच्या घरातले होते. मुंबईच्या वाचकाला प्रमाण समजण्यासाठी सांगते, की आजही एस्टोनियाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आत आहे, आणि २०११ च्या जनगणनेत एकट्या बृहन्मुंबईत सुमारे एक कोटी चोवीस लाख माणसे होती. एवढ्याशा देशात शेजारच्या घराला कुलूप लागलेले न पाहिलेले माणूस सापडणे कठीण होते.

जंगलात गेलेल्यांना तेथे ‘मेत्सावेन्नाद’ म्हणजे वनबंधू म्हणत. हजारो माणसे अशी शस्त्रे घेऊन राहिली. बहुतेकांचा प्रतिकार पन्नासच्या दशकात मोडला, पण ऑगस्ट साब्बे हा वनबंधू १९७८ मध्ये पाठलाग होत असताना नदीत मेला, तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता. ८ मे १९४६ च्या रात्री टॅलिनमधले सोव्हिएत सैनिकांचे लाकडी स्मारक दोन शाळकरी मुलींनी सुरुंगाने उडवले. आयली युर्गेनसन आणि अगीदा पावेल ही त्यांची नावे. दोघींनाही छावणीत पाठवण्यात आले. आणि या सगळ्या काळात न्यूयॉर्कमध्ये एस्टोनियाची वकिलात उघडी होती, कारण अमेरिकेने १९४० चा समावेश कधीच मान्य केला नाही. अर्न्स्ट याक्सन नावाचा अधिकारी तेथे तरुणपणी रुजू झाला होता आणि १९६५ पासून त्या वकिलातीचा प्रमुख होता. ज्या राष्ट्राला नकाशावर जागा नव्हती, त्याचे पासपोर्ट तो देत राहिला. कोऱ्या पानाचा अर्थ मला याक्सन यांच्या टेबलावरून सर्वांत चांगला समजला. १९९१ मध्ये एस्टोनियाने नवे राष्ट्र स्थापन केले नाही. १९१८ चे राष्ट्र पुन्हा कामाला लागले, असे त्यांनी कायद्यातच म्हटले आणि त्यासाठी मधल्या एक्कावन्न वर्षांत कोणी तरी ते कागदोपत्री जिवंत ठेवणे आवश्यक होते.

संचातली नोट या कोऱ्या पानानंतर येते. ती एस्टोनियाच्या चलनातली, १०० क्रूनची आहे आणि तिच्यावर लिडिया कोइदुला या एकोणिसाव्या शतकातल्या कवयित्रीचे चित्र आहे. पहिल्या गीतमहोत्सवात तिच्या शब्दांना चाली लावून गायले गेले होते. १९४४ मध्ये गुस्ताव एर्नेसाक्स यांनी तिच्या मातृभूमीवरच्या कवितेला नवी चाल दिली, ती १९४७ च्या महोत्सवात गायली गेली, मग कार्यक्रमातून काढली गेली, आणि १९६० मध्ये हजारो लोकांनी कार्यक्रमपत्रिकेत नसताना ती आपणहून म्हटली. सत्तेला हवी ती स्तुतिगीते म्हणून झाल्यावर जमाव मैदानातून हलत नसे आणि स्वतःचे गाणे सुरू करी. ज्या दुकानात बसून मी हे वाचत होते, तेथून हुतात्मा चौक चालत दहा मिनिटांवर आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांनी पोवाड्यांनी मैदाने कशी पेटवली हे ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकले आहे, त्यांना गाण्याने राज्य कसे हलते हे समजावून सांगावे लागत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटची चार वर्षे पुस्तिकेत केवळ तीन पानांत उरकली आहेत, आणि हे मला खटकले, कारण वाचकाला सर्वांत जवळचा वाटेल असा हाच भाग आहे. १९८७ मध्ये फॉस्फोराइट या खतासाठी लागणाऱ्या खनिजाच्या नव्या खाणींविरुद्ध विद्यार्थी उभे राहिले. त्या खाणींनी पाणी बिघडेल आणि बाहेरून आणखी मजूर आणून वसवले जातील, ही दोन्ही भये खरी होती, कारण १९३४ मध्ये सुमारे ८८ टक्के असलेले एस्टोनियन १९८९ मध्ये ६२ टक्क्यांच्याही खाली आले होते. त्याच वर्षी २३ ऑगस्टला टॅलिनच्या हिर्वे उद्यानात १९३९ चा गुप्त करार जाहीर करण्याची मागणी उघड सभेत झाली. जून १९८८ मध्ये तरुण मंडळी रात्ररात्र गीतमहोत्सवाच्या मैदानावर बंदी असलेले झेंडे घेऊन गात राहिली आणि चित्रकार हाइन्झ वाल्क यांनी या साऱ्याला ‘गाणारी क्रांती’ असे नाव दिले. सप्टेंबरात त्याच मैदानावर लाखो माणसे जमली. १६ नोव्हेंबर १९८८ रोजी तेथील सर्वोच्च सभेने सार्वभौमत्व जाहीर केले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी टॅलिनपासून रिगामार्गे विल्निअसपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब मानवी साखळी उभी राहिली. तिन्ही देशांतली मिळून सुमारे वीस लाख माणसे तीत हात धरून उभी होती, असा अंदाज सांगितला जातो. त्या साखळीच्या दहाव्या स्मृतिदिनाचे, तिन्ही देशांनी १९९९ मध्ये एकत्र काढलेले तिकीट संचात आहे, आणि त्याच्या शेजारी काकांनी साखळीचा मार्ग हाताने काढलेल्या नकाशावर दाखवला आहे. तो नकाशा मोठा आणि वाचता येण्याजोगा आहे. पुस्तिकेतले इतर नकाशे मात्र इतके लहान आहेत की गावांची नावे भिंगानेच वाचावी लागतात.

मार्च १९९१ च्या सार्वमतात ७८ टक्के मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. यात रशियन भाषकांपैकी पुष्कळांचीही मते होती. ऑगस्टात मॉस्कोत बंड झाले, रशियातल्या प्स्कोव्ह शहराहून रणगाडे टॅलिनकडे निघाले आणि २० ऑगस्टच्या रात्री अकरानंतर सभागृहात ६९ मतांनी स्वातंत्र्य पुनःस्थापित झाल्याचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यावर सैनिक चढून आले, तेव्हा वरच्या मजल्यावर मोजक्या माणसांनी स्वतःला कोंडून घेऊन प्रक्षेपण चालू ठेवले. आइसलँडने २२ ऑगस्टला मान्यता दिली, मग इतर देशांनी. भारतानेही सप्टेंबरात दिली. १ ऑक्टोबर १९९१ रोजी तीन सिंहांची आणि झेंड्याची तिकिटे निघाली. संचात ही पूर्ण मालिका आहे आणि तिच्याकडे नीट पाहिले तर किंमत पुन्हा कोपेकमध्येच छापलेली दिसते. क्रून हे स्वतःचे चलन २० जून १९९२ रोजी आले. त्र्याहत्तर वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानावरच्या तिकिटांचेही तसेच होते. काकांनी अल्बमची बांधणी अशी केली आहे की शेवटचे पान दुमडून पहिल्या पानाशेजारी आणता येते, आणि दोन्ही कोपेक समोरासमोर येतात. रशियाचे शेवटचे सैनिक ३१ ऑगस्ट १९९४ रोजी गेले. त्या तारखेचे तिकीट नाही, म्हणून ती फक्त कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली आहे.

आता दुकानाविषयी थोडे. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सोबत कोणाला तरी न्यावे. दुकान दुपारी बारानंतर उघडते आणि शनिवारी गर्दी असते. अल्बमला वापरलेला कागद आम्लमुक्त आहे आणि तिकिटांवरची आवरणे चांगल्या प्रतीची आहेत, परंतु मुंबईच्या पावसाळ्यात मिंट तिकिटांचा डिंक दमट होऊन आवरणाला चिकटतो, याची सूचना पुस्तिकेत कोठेही नाही. मी अल्बम स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते आणि पंधरवड्यातून एकदा पाने हवेशीर जागी उघडते. काळ्या कागदाचा रंग ओल्या बोटांना लागतो, त्यामुळे ओस्टलँडचे पान चिमट्याशिवाय हाताळू नये. पुस्तिकेचे मुद्रितशोधन सैल आहे. ‘टार्टू’ तीन प्रकारे लिहिले गेले आहे आणि एका ठिकाणी १९४१ चे १९१४ झाले आहे. सुटी तिकिटे जमवायची म्हटली तर कदाचित हजारभर रुपये वाचतील, पण जुळवणी, क्रम आणि ते कोरे पान मिळणार नाही.

गेल्या आठवड्यात मी आमच्या जुन्या शाळेच्या ग्रंथालयासाठी दुसरा संच मागायला गेले होते. काकांनी मला पुस्तिकेचे सुधारलेले पान दाखवले. क्लोगा आणि १९३४ या दोन्हींना त्यात जागा मिळाली आहे, आणि अंदमानची तुलना काढलेली आहे. आधी विकलेल्या प्रतींसाठी त्यांनी ते पान वेगळे छापून घेतले आहे, जुन्या ग्राहकांनी मागितल्यास ते विनामूल्य देतात. संच मात्र लगेच मिळणार नाही. १९१८ चे तांबडे ५ कोपेक चांगल्या स्थितीतले सध्या त्यांच्याकडे नाही, आणि ते मिळेपर्यंत आगाऊ रक्कम घ्यायला ते तयार नाहीत.